उपनगराचे वय आणि सेवांचे नियोजन

(स्थानिक स्वराज्य संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या वस्तीची लोकसंख्या किती, हा प्रश्न प्रशासनात रोजच विचारला जातो. पाणीपुरवठ्याची योजना असो, रस्त्याचा प्रस्ताव असो किंवा नव्या दवाखान्याची मागणी असो, प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लोकसंख्येचा आकडा दिलेला असतो. ही लोकसंख्या कोणत्या वयाची आहे, हा प्रश्न त्यामानाने क्वचित विचारला जातो. वास्तविक शाळा, अंगणवाडी, प्रसूतिगृह, क्रीडांगण, बससेवा, विरंगुळा केंद्र यांपैकी कोणत्याही सेवेची गरज माणसांच्या केवळ संख्येवर ठरत नाही. ती त्यांच्या वयावर ठरते. पन्नास हजार माणसे म्हणजे किती मुले, किती तरुण आणि किती वृद्ध, हे कळल्याखेरीज त्या पन्नास हजारांना काय हवे आहे हे कळत नाही.

ही गोष्ट खेड्यापेक्षा आणि जुन्या शहरापेक्षाही उपनगराच्या बाबतीत अधिक खरी आहे. खेड्यात किंवा जुन्या पेठेत सर्व वयांची माणसे पिढ्यान् पिढ्या एकत्र राहत आलेली असतात. उपनगर मात्र थोड्या वर्षांत एकदम वसते. तेथे येणारी कुटुंबे बहुधा एकाच वयोगटातील असतात आणि ती सर्व मिळून बरोबरीने वयस्क होत जातात. त्यामुळे उपनगराच्या गरजा लाटेसारख्या येतात. एक लाट ओसरते तेव्हा दुसरी उठलेली असते. ही लाट केव्हा आणि किती मोठी येणार, हे आधी ओळखणे हाच स्थानिक सेवांच्या नियोजनाचा गाभा होय.

घरांचे वय आणि माणसांचे वय

या विषयाचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ठाणे खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पात आल्या. संपूर्ण शहर एकाच वेळी न उभारता ते निरनिराळ्या नोडमध्ये, टप्प्याटप्प्याने विकसित करण्यात आले. वाशी हे पहिले नोड. १९७३ मध्ये खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला आणि वाशी मुंबईला जोडली गेली. त्यानंतर नेरूळ, बेलापूर इत्यादी नोड आकारास आले. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे पोहोचली आणि वस्तीचा वेग वाढला. पुढे खारघर भरू लागले. अगदी अलीकडे उलवे परिसरात वस्ती झाली. तेथील खारकोपर स्थानकापर्यंत रेल्वे २०१८ मध्ये आणि पुढे उरणपर्यंत २०२४ मध्ये सुरू झाली.

एकाच शहराच्या या निरनिराळ्या भागांचे वय असे वेगवेगळे आहे. सर्वसाधारणपणे नवे घर घेणारे जोडपे तिशीच्या आसपासचे असते. त्यांच्याबरोबर एखादे लहान मूल असते, किंवा पुढील दोनचार वर्षांत ते जन्मास येते. म्हणून नव्या वस्तीत प्रथम गरज निर्माण होते ती प्रसूतिगृहाची, लसीकरणाची, अंगणवाडीची व पाळणाघराची. पाचसहा वर्षांनी प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत दाटी होते. पंधरा वर्षांनी माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि मैदाने अपुरी पडतात. पंचवीस वर्षांनी ही मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा स्वतःच्या घरासाठी अन्यत्र जातात. आईवडील मात्र त्याच घरात राहतात. घर मालकीचे असल्यामुळे ते सहसा सोडले जात नाही. पस्तीसचाळीस वर्षांनी त्याच इमारतीत, त्याच जिन्यावरून साठी ओलांडलेली माणसे चढउतार करीत असतात.

लोकसंख्येच्या एकूण आकड्यातून यांपैकी काहीच दिसत नाही. नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ४ हजार होती. ती २०११ मध्ये सुमारे ११ लाख २० हजार झाली. ही वाढ पाहून सर्वत्र अधिक शाळा हव्यात असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ज्या भागात घरे नवी आहेत तेथे शाळा हव्यात आणि ज्या भागात घरे जुनी आहेत तेथे आहेत त्या शाळांचेच वर्ग रिकामे होऊ लागण्याची शक्यता असते. एकूण वाढीचा आकडा दोन्ही भागांना सारखाच लागू केला, तर एका ठिकाणी मुले दाटीवाटीने बसतील आणि दुसऱ्या ठिकाणी बाके रिकामी राहतील.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. नियोजित नोडच्या कुशीत मूळ गावठाणे आहेत. तेथे मूळ रहिवाशांची कुटुंबे तीन पिढ्यांसह राहतात आणि त्याच गावठाणांत भाड्याच्या खोल्यांतून कामासाठी आलेले तरुणही राहतात. भाडेकरू बदलत असतात, पण त्यांचे वय बदलत नाही, कारण एक तरुण गेला की दुसरा तरुण येतो. म्हणून भाड्याची वस्ती तरुण राहते आणि मालकीची वस्ती वृद्ध होत जाते. एकाच प्रभागात या दोन्ही वस्त्या शेजारी शेजारी असू शकतात, आणि प्रभागाच्या सरासरीत दोन्हींचे स्वरूप झाकले जाते.

गाव आणि उपनगर: एकाच नाण्याच्या दोन बाजू

उपनगरात आलेला तरुण कोठून तरी निघालेला असतो. तो ज्या गावातून निघाला त्या गावाचीही वयोरचना बदलते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ पर्यंत खाली आली. सिंधुदुर्ग जिल्ह्याचीही लोकसंख्या याच दशकात घटली. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात हे प्रमाण ८६० होते. काम करणारे पुरुष कोठून निघाले आणि कोठे पोहोचले, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

हीच प्रक्रिया महानगराच्या आतही घडते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेली. घरांच्या किमती वाढत गेल्या तशी नवी कुटुंबे शहराच्या गाभ्यापासून दूर सरकत गेली. प्रथम जवळच्या उपनगरांत, नंतर ठाणे, कल्याण, वसई-विरार आणि पनवेलकडे हा ओघ वळला. म्हणजे महानगराच्या नकाशावर केंद्रापासून बाहेर जावे तसतशी वस्ती सर्वसाधारणपणे तरुण होत जाते.

या सर्वांच्या मागे राज्याच्या लोकसंख्येतील एक मोठा बदल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण प्रजनन दर १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, तो २०१९-२१ च्या पाहणीत १.७ झाला. शून्य ते सहा वर्षे वयाच्या बालकांचे राज्याच्या लोकसंख्येतील प्रमाण २००१ मध्ये सुमारे १४.१ टक्के होते. ते २०११ मध्ये सुमारे ११.९ टक्के झाले. एकूण लोकसंख्या दीड कोटींनी वाढली असतानाही बालकांची प्रत्यक्ष संख्या किंचित घटली, ही गोष्ट लक्षणीय आहे. याच काळात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.७ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर गेले. तात्पर्य, बालकांची लाट पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही आणि तिच्यामागून वृद्धांची लाट निश्चितपणे येत आहे.

सरासरीचे निकष अपुरे का पडतात

शासकीय सेवांचे निकष बहुधा एकूण लोकसंख्येवर आधारलेले असतात. ग्रामीण भागात सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. नागरी भागात साधारण पन्नास हजारांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र. चारशे ते आठशे लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, असे हे निकष आहेत. सर्व प्रदेशांना किमान न्याय मिळावा या दृष्टीने ते आवश्यकच आहेत. पण किमान निकष म्हणजे नियोजन नव्हे.

हे समजण्यासाठी दोन काल्पनिक उपनगरे घेऊ. दोघांचीही लोकसंख्या पन्नास हजार. पहिले पाच वर्षांपूर्वी वसलेले आहे. तेथील जन्मदर दर हजारी २५ आहे असे समजा. दुसरे चाळीस वर्षांपूर्वी वसलेले आहे. तेथील जन्मदर दर हजारी ९ आहे असे समजा. पहिल्या उपनगरात वर्षाला १,२५० बालके जन्मास येतील, दुसऱ्यात ४५०. ही बालके तेथेच राहिली, तर सहा वर्षांनी दर तीस मुलांमागे एक शिक्षक या हिशेबाने पहिल्या उपनगरात इयत्ता पहिलीच्या ४२ तुकड्या लागतील, तर दुसऱ्यात १५ पुरतील. आता साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण पहिल्यात ४ टक्के व दुसऱ्यात २० टक्के धरले, तर पहिल्यात २,००० आणि दुसऱ्यात १०,००० वृद्ध असतील. सरकारी निकषाप्रमाणे मात्र दोन्ही उपनगरांना एकेकच आरोग्य केंद्र आणि सारख्याच अंगणवाड्या मिळतात. पहिल्या केंद्रात गर्भवती मातांची व लसीकरणाची रांग लागेल. दुसऱ्यात रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू आणि सांधेदुखी यांच्या रुग्णांची. दोन्ही केंद्रांना औषधांचा साठा, परिचारिका आणि कामाच्या वेळा एकाच नमुन्यात दिल्या, तर दोन्हींकडे काही ना काही उणे राहील.

उशिराची किंमतही समजून घेतली पाहिजे. रस्ता पाच वर्षे उशिरा झाला तर गैरसोय होते, पण तो झाल्यावर सर्वांच्या उपयोगी पडतो. शाळेचे तसे नाही. सहा वर्षांचे मूल सहा वर्षांचे एकदाच असते. त्याची शाळा पाच वर्षे उशिरा उभी राहिली तर ते मूल तोवर अकरा वर्षांचे झालेले असते. ऐपत असलेल्या पालकांनी दरम्यान खाजगी शाळा गाठलेली असते; ज्यांची ऐपत नाही त्यांच्या मुलांनी दूरच्या शाळेची वाट धरलेली असते किंवा मध्येच सोडलेली असते. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे. नव्या वस्तीत हे अंतर कागदावर नव्हे, तर मुलाच्या वाटेत येणाऱ्या महामार्गासह आणि रेल्वेमार्गासह मोजले पाहिजे.

माहिती कोठून मिळवावी

वयोरचनेची माहिती जनगणनेतून मिळेल, असे सहज म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. जनगणनेत प्रत्येक व्यक्तीचे वय नोंदले जाते आणि पाच पाच वर्षांच्या वयोगटांचे तक्ते जिल्ह्यांसाठी व मोठ्या शहरांसाठी प्रसिद्ध होतात. परंतु प्रभागासाठी किंवा गावासाठी जो प्राथमिक गोषवारा मिळतो त्यात वयाची माहिती शून्य ते सहा या एकाच गटापुरती असते. शिवाय २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरविण्यात आला. २०११ नंतर वसलेल्या उपनगराचे चित्र २०११ च्या आकड्यांत शोधणे व्यर्थ आहे. सुदैवाने स्थानिक पातळीवर इतर अनेक नोंदी उपलब्ध असतात. त्या एकत्र करून वाचण्याची सवय मात्र लावावी लागेल.

पहिली नोंद जन्म-मृत्यूची. १९६९ च्या कायद्यान्वये जन्माची नोंद घटना जेथे घडली तेथे होते. एखाद्या प्रभागात मोठे रुग्णालय असेल तर आसपासच्या अनेक वस्त्यांतील बालकांचे जन्म त्या प्रभागात नोंदले जातात आणि ज्या वस्तीत रुग्णालय नाही तेथे मुलेच जन्मत नाहीत असा भास होतो. जन्मनोंदीच्या सांख्यिकी भागात मातेच्या नेहमीच्या निवासाचे गाव वा शहर लिहिलेले असते. त्या रकान्यानुसार नोंदी वेगळ्या केल्या म्हणजे खरी संख्या हाती येते. हे काम कठीण नाही. ते दरवर्षी नियमाने झाले पाहिजे, एवढेच.

दुसरी नोंद अंगणवाडी सेविकेची. आपल्या कार्यक्षेत्रातील कुटुंबांची पाहणी ती घरोघर जाऊन करते. चाळीत, वाडीत व गावठाणात ही पाहणी चांगली होते. पण मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकाशी ती अनेकदा थांबते. पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील बालकांची मोजदाद होते. तिच्याशी अंगणवाडीचे आकडे ताडून पाहिले तर कोठे उणीव राहिली ते कळते.

तिसरी नोंद शाळेच्या पटाची. शिक्षकवर्गाला हे सांगावयास नको की पट हा शाळेचा असतो, वस्तीचा नसतो. मूल एका उपनगरात राहते आणि दुसऱ्या उपनगरात शिकते. म्हणून केवळ पटसंख्या वाढली वा घटली यावरून वस्तीतील मुलांची संख्या ठरविणे चुकीचे आहे. मुलांचे निवासाचे ठिकाण पाहिले, तर कोणत्या वस्तीतील मुले किती दूर येतात हे शाळेतच समजते. ही माहिती स्थानिक संस्थेला देणारा मुख्याध्यापक नियोजनास मोठे साहाय्य करतो.

चौथी नोंद मतदार यादीची. अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदाराचे वय व लिंग तीत असते आणि ती मतदान केंद्रनिहाय असल्यामुळे लहानशा भागाचेही चित्र देते. साठ, सत्तर आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्ती कोणत्या भागात किती, हे तीवरून सहज मोजता येते. तिच्याही मर्यादा आहेत. उपनगरात राहणाऱ्या अनेकांची नावे मूळ गावच्या यादीत असतात, भाडेकरूंची नोंद कमी असते, आणि मृतांची नावे काही काळ राहून जातात. एकीकडे गावाची यादी फुगलेली आणि दुसरीकडे उपनगराची रोडावलेली, असे होते.

पाचवी नोंद बांधकाम परवान्यांची व भोगवटा प्रमाणपत्रांची. आज परवानगी दिलेल्या इमारतीत तीनचार वर्षांनी कुटुंबे राहावयास येणार आहेत. किती सदनिका, किती खोल्यांच्या, कोणत्या भागात, हे सर्व नगररचना विभागाच्या दप्तरी असते. एवढी स्पष्ट पूर्वसूचना दुसऱ्या कोणत्याही नोंदीत मिळत नाही. आणि तीच नोंद शिक्षण व आरोग्य विभागांपर्यंत बहुधा पोहोचत नाही.

वयाच्या नोंदींविषयी एक सर्वसाधारण दक्षताही घ्यावी. विचारलेल्या वयाचे उत्तर लोक पुष्कळदा पूर्णांकात देतात. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ अशा वयांवर गर्दी होते. म्हणून एकेका वर्षाचे आकडे न घेता पाच वर्षांचे गट करावेत.

पुढील पंधरा वर्षांचा अंदाज

या नोंदींवरून अंदाज बांधण्याची रीत कोणत्याही ग्रामपंचायत वा नगरपरिषद कार्यालयास जमण्यासारखी आहे. वस्तीची आजची लोकसंख्या पाच वर्षांच्या वयोगटांत मांडावी. पाच वर्षांनी प्रत्येक गट एक पायरी वर सरकतो. आज शून्य ते चार वयाचा गट तेव्हा पाच ते नऊ असेल, आज पंचावन्न ते एकोणसाठ वयाचा गट तेव्हा साठ ते चौसष्ट असेल. त्यातून अपेक्षित मृत्यू वजा करावेत. शून्य ते चारचा नवा गट जन्मांच्या नोंदीवरून भरावा. मग नव्या इमारतींत येणारी कुटुंबे आणि शिक्षण-नोकरीसाठी बाहेर जाणारे तरुण यांचा हिशेब घालावा. हा शेवटचा भाग सर्वांत अनिश्चित असतो. म्हणून एकच आकडा काढण्याऐवजी कमी, मध्यम व अधिक असे तीन अंदाज करावेत आणि दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष नोंदींशी ते पडताळावेत.

या अंदाजाचा काही भाग मात्र जवळजवळ निश्चित असतो. सहा वर्षांनी पहिलीत येणारी मुले जन्मलेली आहेत. वीस वर्षांनी साठी गाठणारी माणसे आज चाळिशीत असून त्याच वस्तीत राहत आहेत. त्यांच्यासाठीची तयारी अंदाजाच्या अभावी थांबविण्याचे कारण नाही.

विकास योजना आणि आरक्षणे

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ अन्वये शहराची विकास योजना तयार होते आणि साधारण वीस वर्षांनी तिची सुधारणा होते. वीस वर्षांत उपनगराचे वय मात्र पूर्णपणे पालटते. योजनेच्या आरंभी जी वस्ती बालवाडीची मागणी करते ती योजनेच्या अखेरीस महाविद्यालयाची आणि त्यानंतर दवाखान्याची मागणी करते. शिवाय आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर जमीनमालकास नोटीस देण्याचा हक्क प्राप्त होतो आणि त्यानंतरही विहित मुदतीत संपादन न झाल्यास आरक्षण संपुष्टात येऊ शकते. म्हणून कोणते आरक्षण आधी विकसित करावयाचे हा क्रम वस्तीच्या वयावरून ठरविणे श्रेयस्कर होय. नव्या भागात शाळा व मैदान यांना अग्रक्रम द्यावा. जुन्या भागात आरोग्य व वृद्धसेवा यांना.

इमारत बांधतानाही तिचा उपयोग पुढे बदलेल हे गृहीत धरावे. तळमजल्यावरील रुंद दारांची खोली, उतरता चढ आणि स्वच्छतागृह असलेली शाळेची इमारत सकाळी शाळेसाठी आणि दुपारनंतर विरंगुळा केंद्रासाठी वापरता येते. पट घटल्यामुळे शाळेचे दोन वर्ग रिकामे झाले, तर तेथे अंगणवाडी, अभ्यासिका किंवा वृद्धांचे तपासणी केंद्र चालू शकते. परंतु रिकाम्या झालेल्या शाळेची जागा कायमची अन्य कारणासाठी देऊन टाकणे धोक्याचे आहे. जुन्या इमारतींचा पुनर्विकास झाला की त्याच जागी अधिक घरे उभी राहतात, नवी तरुण कुटुंबे येतात आणि मुलांची दुसरी लाट सुरू होते. त्या वेळी उपनगराच्या मध्यभागी शाळेसाठी नवी जागा मिळणे दुरापास्त असते.

अन्य देशांनाही हा अनुभव आला आहे. जपानमध्ये तोकियोच्या पश्चिमेस तामा न्यू टाउन या नियोजित उपनगरात १९७१ पासून कुटुंबे राहावयास आली. बहुतेक तरुण जोडपी होती. पुढे ती बरोबरीने वृद्ध झाली, मुले बाहेर गेली, काही शाळा बंद कराव्या लागल्या आणि उद्वाहक नसलेल्या इमारतींतील वरच्या मजल्यांवरचे जीवन वृद्धांना कष्टाचे झाले. आपल्याकडील चार मजली, उद्वाहक नसलेल्या इमारतींच्या वसाहतींना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

वृद्धांच्या गरजा

वृद्धसेवा म्हटली की वृद्धाश्रम डोळ्यांपुढे येतो. बहुसंख्य वृद्ध मात्र स्वतःच्या घरी राहतात आणि तेथेच राहू इच्छितात. त्यांच्या गरजा साध्या आहेत. न तुटलेला पदपथ, रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ देणारा सिग्नल, थांब्यावर बसण्यास बाक, बसची खाली असलेली पायरी, जवळचे स्वच्छ सार्वजनिक शौचालय, महिन्यातून एकदा रक्तदाब व साखरेची तपासणी आणि औषधांचा अखंड पुरवठा. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीसाठी घरी येणारी परिचारिका. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरू न शकणाऱ्या व्यक्तीची माहिती कोणाला तरी असणे, हीसुद्धा एक सेवाच आहे.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगा आणि शक्य तेथवर खाटा असाव्यात अशी तरतूद केली आहे. जुन्या उपनगरात या तरतुदीचा लाभ घेणारे अनेक असतील. त्यांत वृद्ध स्त्रियांचा, विशेषतः एकट्या राहणाऱ्या विधवांचा, विचार वेगळा व्हावयास हवा. घर त्यांच्या नावे असते, पण हाती नियमित उत्पन्न नसते, अशी स्थिती उपनगरांत विरळ नाही.

शहरालगतच्या ग्रामपंचायतींचे काम

या विषयात सर्वांत अवघड स्थान शहरालगतच्या ग्रामपंचायतींचे आहे. पाच हजारांहून अधिक लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असलेले गाव जनगणनेत नगर म्हणून गणले जाते. कारभार मात्र ग्रामपंचायतच पाहते. महाराष्ट्रात अशा जनगणना नगरांची संख्या २००१ मध्ये १२७ होती. २०११ मध्ये ती दुपटीहून अधिक झाली. उद्याची उपनगरे हीच. आज तेथे तरुण कुटुंबे येत आहेत आणि मुलांची पहिली लाट याच गावांत उठत आहे. पण पंचायतीची कर्मचारीसंख्या व उत्पन्न खेड्याच्या मापाचे असते.

अशा पंचायतीने आपल्या विकास आराखड्यात वयोगटांचा एक पानाचा तक्ता जोडावा. वर्षातील जन्म मातेच्या निवासानुसार किती, सहा वर्षांखालील बालके किती, सहा ते चौदा वयाची मुले किती व त्यांपैकी गावाबाहेर शिकणारी किती, साठ व पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्ती किती, त्यांत एकट्या राहणाऱ्या किती, पुढील तीन वर्षांत भरणारी घरे किती, एवढी माहिती त्यात असावी. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि मुख्याध्यापक एकत्र बसले तर हा तक्ता तयार होण्यास फार वेळ लागू नये. तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. ग्रामसभेत बहुधा मोठ्या आवाजाची मागणी ऐकू येते. अद्याप शाळेत न गेलेल्या बालकाची व घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धेची मागणी या तक्त्यातूनच सभेपुढे येईल.

नगरपालिका व महानगरपालिका यांनी असा तक्ता प्रभागनिहाय करावा आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी सदस्यांना द्यावा. नगररचना, शिक्षण, आरोग्य व महिला-बालकल्याण या विभागांनी वर्षातून एकदा आपापल्या नोंदी एकत्र ठेवून पाहाव्यात. यासाठी नवा निधी लागत नाही. जे आकडे आज निरनिराळ्या कपाटांत बंद आहेत ते एका टेबलावर यावे लागतात.

२०२७ च्या जनगणनेचे आकडे यथावकाश येतील आणि स्थानिक तक्ते त्यांच्याशी पडताळून पाहता येतील. तोवर थांबण्यास मुलांना सवड नाही. दरवर्षी १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष. येत्या जूनमध्ये किती मुले पहिलीच्या वर्गात येणार, हे त्याआधीच्या अंदाजपत्रकाच्या वेळी ज्या पंचायतीला व नगरपालिकेला ठाऊक असेल, तिच्या शाळेत पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला बसावयास जागा असेल.